फोटो कुणी काढला

६ जुलै २०२५

संचिता,

तुझा नंबर लागत नाही. मला ब्लॉक केलंस हे कळायला मला आठ-दहा दिवस लागले होते, पण कळलं. म्हणून पोस्टाने. म्हापशाचा पत्ता गुरुदास सरांनी दिला. त्यांच्यावर रागावू नकोस, मी तीनदा मागितल्यावर दिला.

काम आहे म्हणून लिहिते.

जूनमध्ये आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. मुंबईहून दोन बायका आल्या होत्या. पहिल्या दिवशी जेवणानंतर त्यांनी एक पारदर्शक शीट काढलं, खालच्या बाजूला खिसा, खिशावर पिवळी आणि लाल रेघ. बाळंतपण झाल्यावर हे बाईच्या खाली घालायचं, रक्त खिशात जमतं, किती गेलं ते दिसतं. डोळ्यांनी केलेला अंदाज निम्म्याने चुकतो, जगभर अभ्यास झालेत, असं त्या सांगत होत्या. मी तिसऱ्या रांगेत नखं बघत बसले. मालवणच्या बाजारातून टेबलक्लॉथचं प्लॅस्टिक आणून, मापाच्या भांड्याने पाणी ओतून, मार्करने रेघा मारताना तू दिसत होतीस. अडीच वर्षांपूर्वी, लेबर रूमच्या ओट्यावर.

त्यांनी विचारलं, "इथे कोणी असं आधी वापरलंय का?"

कोणी हात वर केला नाही. मीही नाही.

तर काम असं. गुरुदास सरांना आपल्या एकेचाळीस बाळंतपणांची नोंद पुण्याच्या परिचारिका परिषदेत मांडायची आहे. ते म्हणतात, मोठमोठ्या ठिकाणी जे निघालं ते कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात, दोन नर्सनी, बाजारातल्या प्लॅस्टिकवरही काढलं होतं, आणि हे लोकांना कळायला हवं. आपला वाचन गट बंद झाला तरी सर गप्प बसले नाहीत. अजून संशोधनाचे कुठले कुठले इंग्रजी पेपर शोधतात आणि वाचायला कोणी नाही म्हणून मला एकटीला पाठवतात. मी उघडते, पहिलं पान वाचते, झोप येते. तू मराठीत करून आवाजात पाठवायचीस तेव्हा एसटीत बसून अकराजणी ऐकायच्या. तशी सवय झाली होती.

त्या नोंदींची वही तुझ्याकडे आहे. सरांचा फोन आला तर उचल.

बाकी तेच. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. माझे गुडघे गेले. तुझ्या जागी तीन मुली येऊन गेल्या, तिघी कंत्राटी. चौथी यायची आहे.

सुगंधा


२७ जुलै २०२५

संचिता,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते.

गेल्या रविवारी आरोंद्याला गेले होते, तुझ्या घरी. आधी कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर काकी नको म्हणाल्या असत्या. दारात मला बघून त्या म्हणाल्या, "ये गो बाय. बस." चहा केला. भाजलेले काजूगर दिले. सगळं पहिल्यासारखं, फक्त माझ्याकडे बघायचं टाळत होत्या.

मी म्हटलं, संचिता बरी आहे ना.

"बरी आसा. थंय पगार वेळेर होता. तुजा पत्र तिका गावला. फोनार सांगल्यान."

"काय म्हणाली?"

"ती तुजा नाव काढणा नाय. वायट बोलणा नाय, बरा बोलणा नाय."

तुझे वडील मागच्या पडवीत जाळं विणत होते. पुढे आलेच नाहीत. काकींनी सांगितलं, मासळी घेऊन ते बाजारात जात नाहीत आता. लोक विचारायचे, तुझ्या मुलीने कोणाचा तो फोटो काढला म्हणून. मी कप हातात धरून ऐकत होते. मग त्यांनी सरळ विचारलं,

"माका एक सांग सुगंधा. तो फोटो कोणी काढलेलो? आमच्या चेडवान कधी सांगूक नाय. इचारल्यार उठान जाता."

संचिता, मी चहा संपवला. म्हटलं, काकी, साडेचारची गाडी चुकेल. त्या फाटकापर्यंत आल्या, हातात नारळ दिला. घ्यायचा नव्हता, घेतला.

तू घरीसुद्धा सांगितलं नाहीस. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे माझ्यासमोर गप्प बसतात. त्यातच एक सोय होती.

सुगंधा


१४ ऑगस्ट २०२५

संचिता,

सोमवारी काय झालं ते तुलाच लिहायचं आहे. दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

बाईचं नाव लिहीत नाही. किनाऱ्यावरच्या वाडीतली, बावीस वर्षांची, पहिलटकरीण. सकाळी आली, पावणेअकराच्या सुमाराला मुलगी झाली. छान रडली. इंजेक्शन वेळेवर दिलं, वार पूर्ण पडली. मी रक्ताचा अंदाज लिहिला, साडेतीनशे. मी बाजूलाच होते. नंतर ती जांभया द्यायला लागली. म्हणाली, "ताई, माका थंडी वाजता."

तुला सांगायला नको त्या दोन गोष्टींचा अर्थ. गादी उचलली तर खाली सगळं ओलं. मग आपण शिकलो तसं केलं, पाच गोष्टी एकामागून एक न करता एकदम. पोट चोळणं, औषध, रक्त थांबवायचं इंजेक्शन, सलाईन, खाली तपासणी. नवे डॉक्टर तरुण आहेत, पण थांबले नाहीत. एकशेआठची गाडी अर्ध्या तासात आली. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, चार बाटल्या रक्त दिलं, तरी रक्त थांबेना. गर्भाची पिशवी काढावी लागली. जीव वाचला.

आता ऐक. प्रशिक्षणातली ती शीटं आमच्याकडे आली आहेत. दोन खोके, भांडाराच्या खोलीत. प्रशिक्षण पूर्ण झाल्याची यादी वरून सही होऊन आल्याशिवाय खोके उघडायचे नाहीत असा आदेश आहे. आणि तुझी जुनी शीटं फेकून द्या असं अधीक्षक साहेबांनी सांगितलं होतं ना, त्यातलं एक मी फेकलं नव्हतं. माझ्या कपाटात आहे, साडीच्या पिशवीत. सोमवारी ते माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मला आठवलं होतं. मनात म्हटलं, परत कोणी विचारलं तर काय सांगू. आणि अंदाजे लिहिलं.

तुझ्या वहीतल्या एकेचाळीस बायकांत मी पाचदा असंच कमी सांगितलं होतं. तू मला शीटचा खिसा दाखवायचीस, काही बोलायची नाहीस. पाचव्या वेळची रिया. मी म्हटलं तीनशे, खिशात सातशे. आपण धावलो आणि ती दुसऱ्या दिवशी पेज खाऊन बसली होती. मला इतका आनंद झाला होता, संचिता. वीस वर्षांच्या नोकरीत मला असं कधी वाटलं नव्हतं की मी स्वतः काहीतरी शिकले आणि त्याने कोणीतरी जगलं. म्हणून रक्त थांबल्याबरोबर मी ट्रेमधल्या त्या भरलेल्या शीटचा फोटो काढला. तू म्हणालीस, "सुगंधाताई, फोटो नको, ट्रेमधी केसपेपर आसा." मी म्हटलं, बरं, पुसून टाकते.

पुसला नाही.

पुढचं नंतर लिहीन.

सुगंधा


१५ सप्टेंबर २०२५

संचिता,

गणपती झाले. सुट्टी दीड दिवस मिळाली. पुढचं लिहिते म्हटलं होतं ते लिहिते.

फोटो गटावर गेला नव्हता. सगळ्यांना वाटतं की आपल्या वाचन गटावर टाकला आणि तिथून फुटला. तसं नाही. मी तो माझी नणंद शर्मिला, मुंबईत लॅबमध्ये आहे, तिला पाठवला. "बघ आमी हयसर काय करतंव" असं खाली लिहिलं. ती कायम म्हणायची, गावच्या दवाखान्यात काय असतं, तुम्ही नुसत्या गोळ्या वाटता. तिने कौतुकाने तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. माहेर म्हणजे माझंच सासर. चार दिवसांत तो रियाच्या सासऱ्यांच्या, भाईंच्या फोनवर पोचला. केसपेपरवरचं नाव स्पष्ट वाचता येत होतं. त्यांनी रियाच्या नावाने तक्रार दिली.

चौकशीत तू काय बोललीस ते मला पाठ आहे. "शीट माझं, गट माझा." एवढंच. मग माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, फोटोच्या वेळी मी थंय नव्हतंय. साहेबांसमोर आपण शुद्ध बोलतो, पण त्या दिवशी तोंडातून तसंच आलं.

यापुढचं तुला माहीत नाही. तू बाहेर गेल्यावर मला परत आत बोलावलं. एक कागद तयार होता. त्यावर होतं की शीट वापरणे, नोंदी ठेवणे व छायाचित्र घेणे हे सर्व कंत्राटी अधिपरिचारिका यांनी स्वतःच्या मर्जीने केले. मी सही केली. मी कायम नोकरीतली, मला फार तर मेमो मिळाला असता. तुझं कंत्राट मार्चमध्ये संपणार होतं हे मला माहीत होतं. सही करताना माहीत होतं.

आता काल काय झालं ते. सरांनी गट पुन्हा जमवला आहे. कुडाळला एका हॉलमध्ये, नऊ ठिकाणचे मिळून सतराजण. तू सरांना वहीच्या पानांचे फोटो पाठवलेस हे तिथे कळलं. आभार मानायचा मला अधिकार नाही, पण बरं वाटलं. सरांनी परिषदेला पाठवायचा गोषवारा भिंतीवर लावला. वर दोन नावं. पहिलं माझं. सर चांगले आहेत, त्यांना वाटलं मी अजून नोकरीत आहे म्हणून माझं पुढे असलेलं बरं.

मी उठले. म्हटलं, माझं नाव काढा. फोटो मी काढला होता, बाहेर मी पाठवला होता, आणि खोटी सही मी केली होती. संचिताने काही केलेलं नाही.

वैभववाडीचे मंगेश ब्रदर पहिल्या रांगेत होते, ते मागे न बघता म्हणाले, "आणि दीड वर्षा आमी संचिताक नावा ठेवीत होतंव." मग सर म्हणाले, चहा आलाय. सगळे उठले. माझ्या शेजारची खुर्ची परत आल्यावर रिकामी राहिली, एवढंच. मला वाटलं होतं बोलल्यावर हलकं वाटेल. थकवा आला नुसता. घरी येऊन दुपारची झोपले ती दिवेलागणीला उठले.

आज सकाळी हेच लिहिलेला अर्ज घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी वाचला, घडी घालून परत माझ्या हातात दिला. "मॅडम, फाइल बंद झाली आहे. ती बाई नोकरी सोडून गेली. कशाला उकरता?"

मी म्हटलं, आवक क्रमांक द्या.

"मिळणार नाही."

मग पोस्टात जाऊन रजिस्टर केलं. एक त्यांना, एक जिल्ह्याला. पावती सोबत जोडली आहे, म्हणजे तुला दाखवायला काहीतरी असावं.

येताना रियाकडे गेले. भाई घरी नव्हते, तीच होती. मुलगा आता चालतो. मी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे तुमी काढलो. माका कोणी इचारलाच नाय तेवा. रगत माजा, तक्रार माज्या नावान, आणि इचारला सगळ्यांका, माका सोडून." मी माफी मागितली. ती म्हणाली, "संचिता मॅडम सगळो वेळ माजो हात धरून होती. तिची नोकरी गेली ह्या माका बाजारात कळला." मग आत गेली. मी थोडा वेळ थांबले, ती परत आली नाही, मी निघाले.

काकींना अजून सांगितलेलं नाही. पुढच्या रविवारी आरोंद्याला जाईन. तुझे वडील पुढे आले नाहीत तर मागच्या पडवीत जाऊन सांगेन.

सुगंधा


२९ सप्टेंबर २०२५

संचिता,

तुझं पत्र मिळालं. अर्धं पान. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. मी ते पाकीट घरी नेईपर्यंत उघडलं नाही, उघडल्यावर आधी समजेना, कारण त्यात फक्त प्रश्न होते. मग समजलं की तू ऑगस्टमधली केस वाचून विचारते आहेस. गटात कोणी केस मांडली की विचारायचीस तसंच. तेच अक्षर, प्रश्नाखाली तीच रेघ.

रविवारी आरोंद्याला जाऊन आले, ते तुला काकींनी सांगितलं असेल. तुझ्या वडिलांनी माझं सगळं ऐकलं. जाळ्यातली गाठ सोडवत होते, ती सुटेपर्यंत वर बघितलं नाही. मग काकींना म्हणाले, "उद्या मासळीची टोपली काढ." मला काही म्हणाले नाहीत. बरोबर आहे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

बाळ दहा अठ्ठेचाळीसला. इंजेक्शन दहा पन्नासला. वार अकरा चारला, पूर्ण, मी स्वतः उलटून बघितली. अकरा दहाला पोटावर हात ठेवला, पिशवी घट्ट लागली. अकरा बत्तीसला ती थंडी वाजते म्हणाली. नंतर गादी, चादरी, ट्रे सगळं मिळून डॉक्टरांनी तोलून काढलं ते तेराशेच्या वर.

मग तू विचारलं आहेस, अकरा दहा ते अकरा बत्तीस तिच्याजवळ कोण होतं.

ऑगस्टमध्ये मी लिहिलं, बाजूलाच होते. नव्हते. मी पलीकडच्या खोलीत संगणकावर होते. बारापर्यंत नोंदी वर चढल्या नाहीत तर कोणत्या रुग्णालयाच्या राहिल्या ते लाल अक्षरांत सगळ्यांना दिसतं, आणि त्या महिन्यात आमचं नाव दोनदा आलं होतं. नेट चालत नव्हतं. पान फिरत होतं, फिरत होतं, मी त्याच्याकडे बघत बसले. आयाला तिच्याजवळ बसवून गेले होते, तिला बाळाचं पुसायचं काम होतं. दर पंधरा मिनिटांनी तपासलं असं केसपेपरवर आहे, ते माझ्या हातचं आहे आणि मी ते दुपारी बसून लिहिलं. बावीस मिनिटं कोणीही तिच्या पोटावर हात ठेवला नाही. शीट असतं तर आया सुद्धा ओरडली असती, खिसा भरलेला कोणालाही दिसतो. पण शीट नव्हतं म्हणून झालं, एवढंच लिहिलं तर ते अर्धं होईल. सर ही केस पुढच्या महिन्यात गटात घेणार आहेत. बाईचं नाव, गाव येणार नाही. नर्सचं नाव मी घालायला सांगितलं आहे.

आता तुझा शेवटचा प्रश्न. पिशवी काढल्याचं तिला कोणी सांगितलंय का?

नाही. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात ती बाळाला दीड महिन्याच्या लसीला घेऊन आली. नवऱ्याने सही केली होती, सासूला माहीत होतं, सगळ्यांनी मिळून ठरवलेलं की एवढ्यात नको, दूध आटेल. डॉक्टरांना वाटलं घरच्यांनी सांगितलं असेल. लस झाल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. बाळ गुटगुटीत आहे, काळी तीट लावलेली. हळूच म्हणाली,

"ताई, दुसऱ्याक कितक्या वरसांचा अंतर ठेवूचा?"

मागे रांग होती. मी वहीत सह्या करत होते. म्हणू शकले असते, ते पुढच्या वेळी बघू. तोंडावर आलं होतं.

मी तिला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं. तिच्याशी आपल्याच बोलीत बोलले. पिशवी काढली ते सांगितलं, का काढावी लागली ते सांगितलं. ती मधेच म्हणाली, "पण तुमी सगळी होतास मां थंय." मी म्हटलं, नव्हतंय गो. मी बाजूच्या खोलयेत होतंय. बावीस मिनटां. तुका बघूक होया होता, मी बघूक नाय.

रडली नाही. मग उठून बाळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"धरा तिका जरा," म्हणाली, आणि मोरीकडे गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. बाहेर बायका दार वाजवत होत्या, मी उघडलं नाही. नळ खूप वेळ चालू होता. मी तिच्या मुलीला धरून बसले.

सुगंधा